विकर्ण : भरसभेत बोललेला धाकटा भाऊ

गीतेचा पहिला अध्याय ज्यांना पाठ आहे, त्यांच्या तोंडून हे नाव शेकडो वेळा गेलेलं असतं. ‘अश्वत्थामा विकर्णश्च सौमदत्तिस्तथैव च’, आठवा श्लोक. युद्धाला तोंड फुटायच्या आधी दुर्योधन द्रोणाचार्यांपाशी जातो आणि आपल्याकडचे मोठे वीर मोजून दाखवतो. द्रोण, भीष्म, कर्ण, कृप, अश्वत्थामा, विकर्ण, भूरिश्रवा. सात नावं. त्यात दुर्योधनाचा भाऊ एकच, विकर्ण. दुःशासनसुद्धा तिथे नाही. ज्ञानेश्वरीतही माउली त्याला ‘वीरु’ म्हणतात.

हाच विकर्ण, पांडव वनवासाला जायच्या आधी, याच दुर्योधनासमोर द्यूतसभेत उभा राहिला होता आणि ‘द्रौपदी जिंकली गेली आहे असं मी मानत नाही’ असं म्हणाला होता. भीष्म, द्रोण, कृप तिथेच बसलेले होते. आणि तरी युद्धात तो दुर्योधनाकडूनच लढला, भीमाच्या हातून मेला.

विकर्णाची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढा चांगला होता, तर मग तिकडून का लढला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तराकडे जायचं तर आधी तो सभेत नेमकं काय बोलला ते कळायला हवं. ‘त्याने द्रौपदीची बाजू घेतली’ एवढ्या एका ओळीत ते उरकतं, आणि मग त्या माणसाचं मोठेपण हातातून निसटतं.

द्यूतसभा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वस्त्रहरण उभं राहतं. महाभारतात मात्र वस्त्रहरणाचे श्लोक थोडे आहेत. सगळ्यात जास्त जागा घेतली आहे ती वादाने. आणि तो वाद चक्क कायद्याचा आहे.

युधिष्ठिर धन हरला, राज्य हरला. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम अशा क्रमाने भाऊ हरला. मग स्वतःला पणाला लावलं आणि तेही हरला. तेव्हा शकुनी म्हणाला, अजून एक पण शिल्लक आहे, पांचाली; तिला लाव आणि स्वतःला सोडवून घे. युधिष्ठिराने लावलं आणि हरला. दुर्योधनाने प्रातिकामी नावाच्या सूताला तिला आणायला पाठवलं. द्रौपदीने त्याला दारातूनच परत धाडलं. जा, त्या जुगाऱ्याला भरसभेत विचार : तू आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला?

सगळा पेच या एका प्रश्नात आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर त्या क्षणी तो दास झाला. दासाच्या मालकीचं काही नसतं. मग जे आपलं नाही ते त्याने पणाला कसं लावलं? आणि तो पणच खोटा असेल तर द्रौपदी आजही मुक्त आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही.

युधिष्ठिराने उत्तर दिलं नाही. दुःशासनाने तिला केस धरून ओढत सभेत आणलं. ती रजस्वला होती, एकवस्त्रा होती. तिथेही ती तोच प्रश्न विचारत राहिली. भीष्म म्हणाले, धर्म फार सूक्ष्म आहे, मला याचा निवाडा करता येत नाही. ज्याच्यापाशी मालकीच उरली नाही तो दुसऱ्याची वस्तू पणाला लावू शकत नाही हे खरं, पण बायको नवऱ्याच्या अधीन असते हेही खरं. कुरुकुळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने दोन्ही पारडी दाखवली आणि तराजू खाली ठेवून दिला.

इकडे भीमाचा संताप इतका अनावर झाला की तो सहदेवाला म्हणाला, विस्तव आण, या युधिष्ठिराचे हात जाळतो. अर्जुनाने त्याला आवरलं. आणि मग विकर्ण उठला.

हात चोळत काढलेले शब्द

विकर्णाचं पहिलं वाक्य राजांना उद्देशून आहे. याज्ञसेनीने, म्हणजे द्रौपदीने, जे विचारलं त्याचं उत्तर द्या. ‘अविवेकेन वाक्यस्य नरकः सद्य एव नः’. या प्रश्नाचा निवाडा केला नाही, तर नरक आत्ताच, इथेच आहे, आपल्याला.

त्यातल्या ‘नः’ या शेवटच्या अक्षरापाशी मी दर वेळी थांबतो. नः म्हणजे आम्हाला, आपल्याला. ‘तुम्ही नरकात जाल’ असं तो म्हणत नाही. पापाच्या हिशोबात तो स्वतःलाही धरतो. तो पांडवांचा वकील म्हणून उभा नाही, धृतराष्ट्राचा मुलगा म्हणून उभा आहे. या घराला जे लागणार आहे ते मलाही लागणार आहे, ही त्याची भूमिका आहे. विकर्णाला समजून घ्यायची किल्ली मला या एका अक्षरात सापडते.

मग तो नावं घेऊन बोलतो. भीष्म आणि धृतराष्ट्र हे कुरूंमधले सगळ्यात वृद्ध, ते काही बोलत नाहीत. विदुरही नाही. द्रोण आणि कृप हे सगळ्यांचे आचार्य, तेही नाहीत. मग बाकीच्या राजांनी तरी राग-लोभ बाजूला ठेवून आपापलं मत सांगावं. कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तो पुन्हा विचारतो. पुन्हा पुन्हा विचारतो. आणि मग व्यास एक बारकी गोष्ट सांगतात : विकर्णाने हातावर हात चोळला, सुस्कारा टाकला, आणि म्हणाला, राजांनो, तुम्ही उत्तर द्या किंवा देऊ नका, मला जे न्याय्य वाटतं ते मी सांगतो.

हात चोळणं हे काही शूराचं लक्षण म्हणून आपण शिकत नाही. ज्याला बोलायची हौस नाही, बोलायचं कोणीतरी दुसऱ्याने अशी ज्याची मनापासून इच्छा होती, आणि आता दुसरं कोणी उरलेलं नाही हे ज्याला कळून चुकलं आहे, त्याचे हे हात आहेत. घरातल्या मोठ्यांपुढे तोंड उघडायची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याला हा क्षण वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढे त्याने चार मुद्दे मांडले आहेत.

पहिला मुद्दा व्यसनाचा. शिकार, दारू, द्यूत आणि स्त्रीसंगाची अति आसक्ती ही राजांची चार व्यसनं. यांत बुडालेला माणूस धर्म सोडून वागतो, आणि अशा अवस्थेत त्याने केलेलं कृत्य जग ‘केलं’ म्हणून धरत नाही. हे वाचताना आजचा कायदा आठवल्याशिवाय राहत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 30 पैजेचा करार निरर्थक ठरवतं, आणि कलम 12 म्हणतं की करार करताना माणूस भानावर असायला हवा. विकर्णाचं म्हणणं तंतोतंत तेच नाही, पण ज्याचं मनच ताब्यात नाही त्याच्या शब्दाला किती किंमत द्यायची, हा प्रश्न तोच आहे.

दुसरा मुद्दा : ही पाचही पांडवांची पत्नी आहे. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असताना एकट्या थोरल्याने सगळी जमीन परस्पर विकली तर तो व्यवहार उभा राहील का?

तिसरा मुद्दा द्रौपदीचाच. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, द्रौपदीचा पण त्याने त्यानंतर लावला.

चौथा मुद्दा मला सगळ्यांत धारदार वाटतो. द्रौपदीचं नाव युधिष्ठिराने आपणहून काढलेलं नाही. ज्याला ती जिंकायची होती त्या शकुनीनेच ते सुचवलं. म्हणजे विकर्णाचं बोट थेट आपल्या मामाकडे आहे.

या सगळ्याचा विचार करून मी हिला जिंकलेली मानत नाही. एवढं बोलून तो थांबला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘बाई ही पणाला लावायची वस्तूच नव्हे’ असं विकर्ण म्हणत नाही. त्याचे सगळे मुद्दे मालकीच्या भाषेतले आहेत : कोणाची, किती जणांची, कधीपर्यंतची. आजच्या वाचकाला ते खटकतं आणि खटकलंच पाहिजे. पण त्या सभेत जी भाषा चालत होती त्याच भाषेत त्याने तो डाव मोडून दाखवला. ‘हे मला बघवत नाही’ असं तो म्हणाला असता तर हळवा म्हणून त्याला बाजूला सारता आलं असतं. तो म्हणाला, तुमच्याच नियमांनी हा पण खोटा आहे. त्याला उत्तर देणं भाग होतं.

सभेत मोठा गलका झाला. राजांनी विकर्णाची वाहवा केली, शकुनीला नावं ठेवली. म्हणजे सगळ्यांना कळत होतं. फक्त पहिलं वाक्य कोणी बोलायचं, एवढाच प्रश्न होता.

कुऱ्हाडीचा दांडा

गलका शमल्यावर कर्ण उठला. त्याने विकर्णाचा दंड धरला आणि म्हणाला, अरणीतून, म्हणजे घासून विस्तव काढायच्या लाकडातून, निघालेला अग्नी जसा अरणीलाच जाळतो तसा हा ज्या कुळात जन्मला त्याच्याच नाशाला उठला आहे. आपल्याकडे याला ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतात. मग वयावर घसरला : पोर आहेस आणि भरसभेत म्हाताऱ्यासारखं बोलतोस. दुर्योधनाचा धाकटा भाऊ तू, तुला धर्मातलं काय कळतं?

कर्णाने मुद्द्यालाही उत्तर दिलं, ते गाळून चालणार नाही. युधिष्ठिराने सर्वस्व पणाला लावलं तेव्हा द्रौपदी त्या सर्वस्वात आलीच, आणि तिचं नाव घेतलं गेलं तेव्हा पाचही पांडव गप्प होते, म्हणजे त्यांची संमती होती. हे युक्तिवाद म्हणून पोकळ नाहीत. पण मग तो द्रौपदीच्या चारित्र्यावर घसरला. आणि शेवटी म्हणाला, दुःशासना, हा विकर्ण अगदीच पोर आहे, शहाण्यासारखं बोलतो आहे इतकंच. पांडवांची वस्त्रं काढ, द्रौपदीचंही काढ.

‘प्राज्ञवादिक’, म्हणजे शहाण्याचा आव आणून बोलणारा, हा कर्णाचा शब्द लक्षात ठेवा.

कर्णाचा खरा हल्ला निष्ठेवर आहे. घरच्यांच्या विरुद्ध बोलला तो घरभेदी. हे आपल्याला अगदी ओळखीचं आहे. वडील गेल्यावर वाटण्यांची बैठक बसते, बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं, आणि एखादा धाकटा भाऊ खालमानेनं म्हणतो, ‘ताईचा हिस्सा तिला द्यायला हवा.’ महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तरी त्या भावाला ऐकावं लागतं ते हेच : तू कोणाच्या बाजूचा? लहान आहेस, तुला काय कळतं?

विकर्णाला याचं उत्तर द्यायची संधी मिळत नाही. त्याच्या वतीने उत्तर येतं ते विदुराकडून, आणि तेही गोष्टीतून. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात एका मुलीवरून वाद झाला : श्रेष्ठ कोण? दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाडा मागायला गेले ते प्रल्हादाकडेच. म्हणजे विरोचनाच्या बापाकडे. प्रल्हादाने खरं सांगितलं : सुधन्वा श्रेष्ठ. पोटच्या पोराचा प्राण जाईल हे माहीत असताना सांगितलं. तेव्हा सुधन्वा म्हणाला, पुत्रप्रेम बाजूला ठेवून तू धर्माला धरून राहिलास, म्हणून तुझा मुलगा शंभर वर्षं जगो.

ही गोष्ट विदुर नेमकी इथे सांगतो, कारण समोर धृतराष्ट्र बसला आहे. एका बापाने मुलाविरुद्ध निवाडा दिला आणि मुलगा वाचला. दुसरा बाप गप्प बसला आहे. याच भाषणात विदुर राजांना सांगतो की विकर्णाने आपल्या बुद्धीप्रमाणे उत्तर दिलं आहे, आता तुम्हीही द्या. आणि कश्यपाच्या तोंडून सभेचा नियम ऐकवतो : सभेत निंद्य गोष्ट घडली आणि तिची निंदा झाली नाही, तर अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला लागतं, पाव करणाऱ्याला आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना. विकर्णाने ‘नः’ म्हटलं होतं, त्याचा हा हिशोब.

राजे तरीही बोलले नाहीत. पण विकर्णाचं बोलणं वायाही गेलं नाही. वादाच्या अगदी शेवटी, दुर्योधनाने मांडी दाखवून झाल्यावर, अर्जुन बोलतो. आम्हाला पणाला लावताना युधिष्ठिर आमचा स्वामी होता, पण स्वतःला हरलेला माणूस कोणाचा स्वामी? हा विकर्णाचाच तिसरा मुद्दा. त्यानंतर लगेच धृतराष्ट्राच्या अग्निहोत्रशाळेत कोल्हा ओरडतो, म्हातारा घाबरतो आणि द्रौपदीला वर देतो. पांडव सुटले ते या वरांमुळे. द्रौपदीच्या प्रश्नाचा निवाडा सभेने शेवटपर्यंत दिला नाही. त्या प्रश्नाला कौरवकुळातून सरळ उत्तर देणारा पहिला माणूस विकर्ण होता.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात 1259 हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक मूळ संहितेतून तळटीपेत गेले. विकर्णाचं भाषण मात्र मुख्य संहितेत जागच्या जागी आहे.

मग तिकडून का लढला?

पुन्हा द्यूताचं बोलावणं गेलं तेव्हा ‘द्यूत नको, शांतता असू दे’ म्हणणाऱ्यांची यादी महाभारतात दिली आहे. तिच्यात धृतराष्ट्राचे दोन मुलगे आहेत. एक विकर्ण. दुसरा वैश्य स्त्रीच्या पोटचा युयुत्सू. दोघांना दिसत होतं ते एकच. युद्धाच्या पहिल्या दिवशी युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांमध्ये उभं राहून हाक दिली, ज्याला आमच्याकडे यायचं त्याने यावं. युयुत्सू नगारे वाजवत निघून गेला. विकर्ण जागचा हलला नाही.

याचं कारण व्यास सांगत नाहीत. याबद्दल विकर्णाच्या तोंडी एकही वाक्य नाही. म्हणून पुढचं माझं मत आहे, ते माझं म्हणूनच घ्यावं.

आपण न्याय आणि घर यांना दोन बाजू समजतो, आणि माणसाने एक निवडावी अशी अपेक्षा करतो. बिभीषणाने न्याय निवडला, कुंभकर्णाने घर. विकर्णाला या दोन बाजू वाटतच नव्हत्या. सभेत तो बोलला तेही घरासाठीच होतं. घराला पाप लागू नये, घर वाचावं, म्हणून. त्याचं ऐकलं असतं तर शंभरच्या शंभर वाचले असते. घराने ऐकलं नाही, पण म्हणून ते त्याचं घर नाहीसं झालं नाही. ‘नः’ म्हणणारा माणूस फळ भोगायची वेळ आल्यावर त्या ‘नः’मधून स्वतःला वजा करू शकला नाही.

याला मी न्याय म्हणणार नाही. दुर्योधनासाठी चढवलेला बाण अन्यायाच्या बाजूनेच सुटत होता, सोडणाऱ्याचं मन कितीही निर्मळ असो. युयुत्सूचा रस्ता मला जास्त बरोबर वाटतो. पण विकर्णाला भित्रा किंवा दुटप्पी म्हणणाऱ्यांशीही मी सहमत होऊ शकत नाही. भित्र्या माणसाला सभेत गप्प बसणं सोपं होतं आणि युद्धात जिंकणाऱ्यांकडे जाणं सोपं होतं. त्याने दोन्ही वेळा अवघड तेच केलं. एकदा बरोबर, एकदा चूक.

चौदाव्या दिवशी, जयद्रथवधाच्या दिवशी, भीमाने कर्णाला जेरीस आणलं. दुर्योधनाने भावांना हुकूम सोडला, कर्णाला वाचवा. सात भाऊ धावले, त्यांत विकर्ण होता. ज्याने भरसभेत दंड धरून ‘पोर’ म्हणून हिणवलं होतं, त्याचा जीव वाचवायला तो गेला आणि तिथे मेला. भीमाने शंभरही भावांना मारायची प्रतिज्ञा केली होती. ती पुरी करताना तो रडला तो फक्त या एकासाठी. प्रतिज्ञेपायी तुला मारावं लागलं, तू नेहमी आमच्या भल्याचंच बघत होतास, असं तो म्हणाला.

युद्ध संपल्यावर गांधारी कृष्णाला एकेक प्रेत दाखवत रणांगणातून फिरते. विकर्ण हत्तींच्या प्रेतांमध्ये पडला आहे, शरद ऋतूत काळ्या ढगांनी वेढलेल्या सूर्यासारखा. धनुष्य धरून धरून त्याच्या हाताला घट्टे पडले आहेत, हातावर चामड्याचं तलत्राण तसंच आहे, त्यामुळे गिधाडांनाही तो हात सहज तोडता येत नाही. त्याची तरुण बायको शेजारी बसून गिधाडं हाकलते आहे. ती उडतात आणि परत येतात. तिला ती आवरत नाहीत.

हा माझा मुलगा विकर्ण, गांधारी म्हणते. कर्णाने त्याला प्राज्ञवादिक म्हटलं होतं. आईचा शब्द वेगळा आहे : प्राज्ञसंमत. शहाण्यांनी ज्याला मानलं, तो.